पंचवीस मिनिटांत उठून आलेलीला

(पत्राचा सारांश, ओळख पटेल असे तपशील वगळून)

पत्र लिहिणारी मुलगी १९ वर्षांची आहे. घर मिरजेच्या बाजूला, शिक्षण ग्वाल्हेरला, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, मुक्काम हॉस्टेलवर. शहरात येऊन दीड वर्ष झालं तरी आपण इथलं काहीच पाहिलं नाही, ऐकलं नाही, कॉलेजचे दिवस असेच निसटून चाललेत, असं तिला वाटतं. फोनमध्ये तिने ‘ग्वाल्हेर सोडण्याआधी’ अशी यादी केली आहे. यादीत ४१ गोष्टी, त्यातल्या ३ झाल्या. गेल्या डिसेंबरात ती मैत्रिणींबरोबर तानसेन समारोहाला, म्हणजे तानसेनाच्या समाधीशी दर वर्षी भरणाऱ्या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला, गेली होती. फोटो काढले, पंचवीस मिनिटं बसली, काही कळेना, मैत्रिणींना भूक लागली आणि सगळ्या गाणं चालू असतानाच उठल्या. पुढे बसलेल्या एका गृहस्थांनी वळून असं काही पाहिलं की ‘हे आपलं काम नाही’ हे तेव्हापासून तिच्या मनात बसलंय. त्या रात्री बाबांचा फोन आला तेव्हा तिने लायब्ररीत असल्याचं सांगितलं. पुढे त्या सेमिस्टरला गणितात बॅक लागला. खरं काय ते कळल्यावर बाबा म्हणाले, ‘तुला गाणी ऐकायला पाठवलंय का तिकडे?’ आता पुन्हा डिसेंबर तोंडावर आलाय. समारोह आहे, परीक्षाही आहे. हॉस्टेलचं गेट रात्री नऊला बंद होतं, हातात पैसे बेताचे असतात आणि बरोबर यायला कोणी तयार नाही. जाऊ की नको, आणि गेले तरी मला त्यातलं काय कळणार, असे तिचे दोन प्रश्न आहेत. पत्राखाली सही आहे ‘पंचवीस मिनिटं’.

प्रिय पंचवीस मिनिटं,

तुझी सही वाचून मी मोठ्याने हसले, आणि मग जरा वाईटही वाटलं. एवढ्याशा गोष्टीचं तू स्वतःला नाव देऊन टाकलंस!

आधी माझी कबुली ऐक. मी लष्करातली, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली. चार पिढ्या इथेच गेल्या. आम्ही मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत घुसतो, त्याला हसू नकोस. बी.कॉम.ला असताना मी दर वर्षी समारोहाला जायचे, आणि माझे आई-वडील चारचौघांत कौतुकाने सांगायचे की पोरीला गाण्याचा कान आहे. कान कसला! जायचे ती भाजलेल्या शेंगा खायला, आणि एक मुलगा गायकांच्या मागे तानपुरा घेऊन बसायचा त्याला बघायला. पहिल्या वर्षी तर आत्याच्या शालीत डोकं खुपसून झोपले होते. जाग आली तेव्हा कोणीतरी तार सप्तकात होतं आणि आजूबाजूची माणसं ‘वाह’ म्हणत होती. मी पण म्हटलं. तो मुलगा पुढे बँकेत लागला, गाण्याशी त्याचा काही संबंध राहिला नाही. माझा राहिला.

हे अशासाठी सांगितलं की ‘कळणाऱ्या’ लोकांचा एक वेगळा घोळका असतो आणि त्यात आपल्याला जागा नाही, असं तू धरून चालली आहेस. त्या मंडपात मी इतकी वर्षं बसते आहे. माझ्या शेजारी बसलेल्यांपैकी निम्म्यांना राग ओळखता येत नाही. समाधीच्या आसपासच्या हजीरा भागातले दुकानदार असतात, निवृत्त मास्तर असतात, नातवाला घेऊन आलेल्या आज्या असतात, थंडी वाजते म्हणून गर्दीत येऊन बसलेलेही असतात. तिकीट नाही, बोलावणं नाही. १९२४ साली शिंदे सरकारच्या काळात हा समारोह उरुसाच्या रूपात सुरू झाला आणि त्याचा तो दर्ग्यासारखा स्वभाव अजून टिकून आहे. दर्ग्यात कोणी विचारतं का, तुम्हाला किती कळतं?

तुझ्याच पत्रातली एक ओळ दाखवते. तू लिहिलंयस, ‘पहिल्या महिन्यात मेसमधल्या भैयांचं बोलणं मला अजिबात समजायचं नाही, आता मी त्यांच्याच भाषेत त्यांच्याशी भांडते.’ हे कोणी शिकवलं तुला? दोन्ही वेळा ताट घेऊन रांगेत उभी राहिलीस, कानावर पडत गेलं आणि एक दिवस तोंडून निघालं. पहिल्याच दिवशी पंचवीस मिनिटं ऐकून ‘ही भाषा आपली नाही’ म्हणत तू मेस सोडली असतीस का?

त्या वळून बघणाऱ्या गृहस्थांचा विषय आधी संपवू. ते का बघत होते हे तुलाही माहीत नाही, मलाही नाही. माझा अंदाज सांगते. तुम्ही पाच-सहा जणी विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, चालू असताना उठलात, बहुतेक फोनचा उजेड पाडत चपला शोधल्यात. सभेतून उठण्याला कोणाची हरकत नसते, फक्त दोन चिजांच्या, म्हणजे गाण्यांच्या, मध्ये, टाळ्या वाजताना उठायचं. बसताना कडेला किंवा मागे बसलं की ते सोपं जातं. एवढाच नियम आहे, आणि तो माहीत नसणं हा काही गुन्हा नाही. गृहस्थ घरी जाऊन तुला विसरले असतील. तू मात्र त्यांना वर्षभर सांभाळलंस.

आता मिरजेकडे वळते, कारण तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट तिथली आहे आणि तू ती जाता जाता लिहून टाकली आहेस. अकरावी-बारावीला क्लासला जाताना रोज सतारमेकर गल्लीतून जायचीस, ‘पण आमचा गाण्याशी कधी संबंध आला नाही.’ अगं, काय लिहितेस! ज्या दुकानांसमोरून तू सायकल दामटत होतीस, तिथे मंगळवेढा-पंढरपूरकडचे भोपळे वाळवून, कापून, त्याला दांडी जोडून जे तानपुरे होतात, ते देशभरच्या गवयांच्या मागे उभे असतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. या वेळी मंडपात गेलीस की गाणं सुरू व्हायच्या आधी गायकाकडे बघू नकोस, त्याच्या मागे बसलेल्या शिष्याकडे बघ. तो खुंटी पिळतो, तार छेडतो, कान लावतो, तरी मनासारखं होत नाही. मग घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेच्या खाली, एक बारीक दोरा असतो, तो नखाने केसभर पुढे सरकवतो. पुन्हा छेडतो. आणि एका क्षणी तो ‘टण्ण’ असा सुका आवाज जाऊन त्या जागी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुंजणारा आवाज येतो. त्याला जवारी लागली म्हणतात. ती लागलेली ऐकू यायला शास्त्र लागत नाही. तुझ्या गल्लीतले कारागीर याचीच पोटापाण्याची विद्या करतात. मला विचारशील तर तेवढी दहा मिनिटं ऐकून परत आलीस तरी चालेल.

आणखी एक. गेल्या शतकात महाराष्ट्रात जे ख्याल गायन पसरलं, त्याचा एक मोठा प्रवाह ग्वाल्हेरहून तुमच्याकडे गेला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तरुणपणी इथे आले, वासुदेवबुवा जोश्यांकडे राहून शिकले आणि ती गायकी घेऊन दक्षिणेत परतले. मिरजेत त्यांच्याकडे शिकले विष्णु दिगंबर पलुसकर, ज्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. म्हणजे बुवा ज्या रस्त्याने आले, त्याच रस्त्याने तू आलीस. त्या काळी रेल्वेचं आरक्षण नव्हतं आणि गुरुजी सहजासहजी शिकवतही नव्हते, एवढाच काय तो फरक. आणि मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ चिंचेखाली जी सभा भरते तिच्याबद्दल तू ऐकलंच असशील. इथेही तानसेनाच्या समाधीशेजारी चिंचच आहे. तिची पानं चावली की गळा गोड होतो म्हणतात. जुनं झाड गेलं, आताचं नंतरचं आहे, तरी पानं चावणारे काही थांबत नाहीत. मी लहानपणी चावली होती. गळा होता तसाच राहिला.

तेव्हा ‘हे आपलं काम नाही’ हे निदान तू तरी म्हणू नकोस.

आता वेळापत्रक. तुझ्या पत्रात समारोह म्हणजे रात्र, असं गृहीत आहे. गेट नऊला बंद, सभा संध्याकाळी सुरू होऊन उशिरापर्यंत चालते, म्हणून जाणं अशक्य. पण सकाळच्याही सभा असतात! साधारण दहाच्या सुमारास. आणि सकाळचे राग, तोडी, भैरव, बिलावल, हे तिथेच ऐकायला मिळतात. संध्याकाळीच येणाऱ्यांच्या वाट्याला ते कधी येत नाहीत. ऊन अंगावर घेत, गोधडीसारख्या धुक्यातून हळूहळू शेजारच्या सूफी संत महंमद घौस साहेबांच्या मकबऱ्याची जाळी दिसायला लागते आणि समोर कोणीतरी तोडी मांडतंय, ही ग्वाल्हेरची डिसेंबरातली सगळ्यात चांगली वेळ. इथे गर्दी कमी, गेटचा प्रश्न नाही, परतीला टेम्पो भरपूर. माझं मत विचारशील तर एका सकाळी जा. एकाच.

त्यातही जमलं तर पहिल्या दिवशीची सकाळ. त्या दिवशी समाधीवर सनई होते, मग ढोलीबुवा महाराजांच्या परंपरेतली हरिकथा, मग मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण, मग चादर चढवतात. ढोलीबुवांचा मठ इथल्या मराठी माणसांच्या फार जवळचा, लष्करात त्यांच्या नावाचा पूलच आहे. सूफी संताच्या शेजारी झोपलेल्या गवयाच्या, तानसेनाच्या, समाधीवर एक नाथपंथी बुवा हरिकथा करतात आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही, हे मला दर वर्षी नव्याने आवडतं. कथा हिंदीत असली तरी तिचा बाज तुला ओळखीचा वाटेल.

प्रत्येक सभेची सुरुवात इथल्याच संगीत विद्यालयांच्या विद्यार्थ्यांच्या ध्रुपदाने, म्हणजे ख्यालाहून जुन्या गायकीने, होते. लोक तेव्हा चहा पीत असतात. तू तेव्हाच ऐक. तुझ्याच वयाची मुलं-मुली असतात, कुडत्याच्या गळ्यातून आतला स्वेटर डोकावतो, पहिली ओळ जरा थरथरते, मास्तर बाजूला उभे राहून हाताने ताल दाखवतात. आणि साथीला पखवाज असतो. तुझ्या गावच्या भजनात वाजतो, तोच. भजनात सगळ्यांची मान आणि टाळ एकदम जिथे पडतात ती जागा तुझ्या अंगात आहे, तिला इथे सम म्हणतात. शेजारच्या म्हाताऱ्याच्या मांडीवरच्या बोटांकडे लक्ष ठेव. बोटं पडली की तिथे सम. पहिल्यांदा तुझा अंदाज चुकेल, दुसऱ्यांदा जरा उशीर होईल, पाचव्या-सहाव्या वेळी तुझी मान आपोआप पडेल. विलंबितात हा खेळ खेळू नकोस, तिथे आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, इतकं लांबतं की जांभई येते (मलाही येते). मध्य लयीतली किंवा द्रुत बंदिश लागली की सुरू कर.

सुरुवातीला एवढंच पुरे. रागाचं नाव, घराणं, कोण कोणाचा शिष्य, हे सगळं मागाहून येतं किंवा येतही नाही. तीन वेळा मनापासून बसलीस आणि तरी कंटाळाच आला, तर खुशाल सोडून दे. शास्त्रीय संगीत आवडलं नाही म्हणून माणूस कमी ठरत नाही. माझा सख्खा भाऊ ग्वाल्हेरात जन्मून फक्त मुशायऱ्याचा भोक्ता आहे. जानेवारीत ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात मुशायरा आणि कविसंमेलन होतं तेव्हा तो ब्लँकेट घेऊन जातो.

आता परीक्षा आणि बाबा. इथे मी तुझी बाजू पूर्ण घेणार नाही.

बॅक समारोहामुळे लागला, हे बाबांचं म्हणणं पटण्यासारखं नाही, पंचवीस मिनिटांनी कोणाचं गणित बुडत नाही. पण तूच पुढे लिहिलंयस की मंडपातून उठून तुम्ही कॅफेत गेलात आणि तिथे तीन तास बसलात, आणि त्या आठवड्यात असं आणखी दोनदा झालं. तेव्हा वेळ नव्हता हे खरं नाही. वेळ कुठे गेला ते आपल्याला आठवत नाही, एवढंच. मग गाण्याला जाणं तेवढं आठवणीत राहतं, कारण ते वेगळं काहीतरी असतं, आणि दोष त्याच्यावर येतो. दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर जाऊ नकोस, त्यात चर्चा नको. मध्ये दोन दिवसांची सुट्टी असेल तर सकाळी दहा ते साडेबारा बाहेर जाऊन दुपारी पुस्तक उघडणाऱ्या मुलीचं काही बिघडत नाही, उलट सकाळी दहाला तयार होऊन बाहेर पडल्यामुळे दिवस तरी वेळेवर सुरू होतो.

बाबांशी खोटं बोललीस ते मात्र चुकलं. लायब्ररीत आहे म्हणालीस म्हणून तर नंतर गाणं हा ‘गुन्हा’ झाला. तू सांगितलं असतंस की बाबा, तानसेनाच्या समाधीवर आलेय, खूप थंडी आहे आणि मला काही कळत नाहीये, तर ते कदाचित हसले असते. त्यांच्या रागाच्या मागे काय आहे ते तूच लिहिलंयस: हॉस्टेलची फी भरायला त्यांनी गाडी विकली. अशा माणसाला पोरगी कुठे आहे हे खरं कळलं पाहिजे. या वेळी आधी सांगून जा. आणि एक काम कर. मंडपातून बाहेर आलीस की त्यांना फोन करून विचार, सतारमेकर गल्लीत तुमच्या ओळखीचं कोणी आहे का. मिरजेच्या माणसाला हा प्रश्न विचारला आणि तो गप्प बसला, असं होणार नाही.

तुझी ४१ गोष्टींची यादी तू पत्रासोबत पाठवलीस. मी चष्मा लावून सगळी वाचली. त्यात अकरा कॅफे आहेत. कॅफेवर माझा राग नाही, पण ते सांगलीतही आहेत, ते काढ. ‘किल्ला’ यावर तू बरोबरची खूण केली आहेस. मला विचारायचंय, किल्ल्यावर नक्की काय पाहिलंस? तू लिहितेस रिक्षाने वर गेलात, म्हणजे उरवाई गेटकडून. मान मंदिर, सास-बहूची देवळं, तेली का मंदिर, फोटो, खाली. बरोबर? पण पूर्वेच्या बाजूने पायी चढलीस तर वाटेत खडकात कोरलेलं एक लहानसं चतुर्भुज मंदिर लागतं. चार माणसं आत मावायची नाहीत. त्यातल्या शिलालेखात देवळाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचं माप कोरलंय, त्यात २७० हा आकडा आहे आणि रोज द्यायच्या हारांसाठी ५०. लेख इसवी सन ८७६ चा. त्यातली शून्यं आजच्यासारखीच गोल आहेत. दगडावर कोरलेल्या, नक्की काळ माहीत असलेल्या शून्याच्या जुन्या खुणांमध्ये या देवळाचं नाव जगभर घेतात. गणितात बॅक लागलेल्या मुलीने तरी ते पाहिल्याशिवाय किल्ल्यावर खूण करू नये!

त्याच चढाच्या पायथ्याशी गुजरी महाल आहे, राजा मानसिंह तोमराने मृगनयनीसाठी बांधलेला. आता तिथे संग्रहालय आहे. ग्यारसपूरची शालभंजिका तिथे आहे, ती मूर्ती जरूर बघ. तिचं हसू बघायला लोक लांबून येतात आणि तुझ्या हॉस्टेलपासून ती अर्ध्या तासावर आहे. सोमवारी जाऊ नकोस, बंद असतं.

तर यादीबद्दल माझं म्हणणं असं. ४१ गोष्टी एकेकदा करण्यापेक्षा चार गोष्टी दहा-दहादा कर. जीवाजी गंजातलं सरोद घर, सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांचं वडिलोपार्जित घर, एकदा पाहिलं की संग्रहालय वाटतं. काचेमागची वाद्यं बघून अर्ध्या तासात बाहेर पडतो आपण. पण त्या गल्लीत वर्षातून तीन-चारदा फिरलीस तर पानवाला ओळखायला लागतो आणि कोणाकडे काय कार्यक्रम आहे ते तोच सांगतो. माझ्या कॉलेजच्या दिवसांत कार्यक्रमांची बातमी अशीच मिळायची, पोस्टर लागायच्या आधी.

आणि मोठ्या समारोहांच्या मागे लागण्यापेक्षा तुझ्या वयाची मुलं जिथे शिकतात तिथे जा. माधव संगीत महाविद्यालय १९१८ पासून आहे, संगीतशास्त्राचे अभ्यासक भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झालेलं. शंकर गांधर्व महाविद्यालय त्याहून जुनं, १९१४ चं, ग्वाल्हेरचे गायक कृष्णराव शंकर पंडितांनी वडिलांच्या नावाने काढलेलं. इथे गुरुपौर्णिमेला, वसंत पंचमीला, कधी नुसतंच, विद्यार्थ्यांचे कार्यक्रम होतात. पन्नास-साठ माणसं, सतरंजी, शेवटी चहा. दोनदा गेलीस की तिसऱ्यांदा कोणीतरी नाव विचारेल, आणि ‘बरोबर यायला कोणी नाही’ हा प्रश्न तिथे सुटेल. हॉस्टेलच्या मैत्रिणींना ओढून नेऊ नकोस. त्यांना सॉफ्टी खायला मेळ्यात ने, तिथे त्या खूश होतील आणि तूही होशील. हा मेळा १९०५ साली माधवराव शिंद्यांनी जनावरांचा म्हणून सुरू केला, आता लोक तिथे मोटारी घ्यायला येतात. हातभर पापड, पाळणे, धूळ, कडाक्याची थंडी. तिथे मात्र घोळक्यानेच जावं, एकटीने मजा नाही.

मराठी नाटक बघायची इच्छा तू लिहिली आहेस आणि ग्वाल्हेरात ती कुठे पुरी होणार, असंही. दाल बाजारातलं नाट्यमंदिर तुला कोणी दाखवलं नाही का? तिथे मराठी रंगभूमीची परंपरा फार जुनी आहे. गणपतीत लष्करातल्या कुठल्याही मराठी घरी आरतीला गेलीस आणि ‘हॉस्टेलला राहते’ एवढं म्हटलंस, तर प्रसादाच्या आधी तुझ्या हातात जेवणाचं ताट येईल, आणि पुढच्या नाटकाला तुला न्यायला कोणीतरी स्कूटर घेऊन येईल. हे मी अतिशयोक्ती करून सांगत नाही. आमच्या घरी असे तीन हॉस्टेलवाले जेवून मोठे झाले.

अशी पत्रं मला इंदूरहून, बडोद्याहून, पुण्यातल्या मुलांचीही येतात. शहर वेगळं, यादी तीच, आणि ‘मला काय कळणार’ हेही तेच. त्यांनाही हेच सांगेन: आपल्या गावाचं या शहराशी जुनं काय नातं आहे ते आधी शोधा, बहुतेक वेळा निघतंच, आणि मग दार ढकलायला लाज वाटत नाही. पैशाचं म्हणाल तर शहरातली सगळ्यात चांगली गोष्ट फुकट असते, ग्वाल्हेरात तरी आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने आम्हाला संगीताच्या शहरांच्या यादीत घेतलं. तरी तानसेनाच्या मंडपात तिकीट लावायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, याचा मला जास्त आनंद आहे.

राहिली संध्याकाळची सभा. पुढच्या वर्षी परीक्षेचा घोळ नसेल आणि तुला वाटलंच, तर आठवडाभर आधी रेक्टर मॅडमना लेखी अर्ज दे, दोघी-तिघी जणी मिळून, परतीची रिक्षा जातानाच ठरवून. वेळ लिही, ठिकाण लिही, एका शिक्षकाची सही घे. ‘तानसेन समारोह’ असं लिहिलेल्या अर्जाला ग्वाल्हेरात नाही म्हणणं जरा अवघडच जातं. तरी नाही म्हणाल्या तर भांडू नकोस. सकाळ आहेच.

या वर्षीसाठी एवढंच. सकाळी बेडई, म्हणजे डाळीचं सारण भरलेली पुरी, खाऊन नीघ, उपाशी पोटी तोडी ऐकू नये. सतरंजी खालून गारठते, तेव्हा घडी घालून बसायला जुनी चादर पिशवीत टाक, आणि पायमोजे दोन जोड. टेम्पोवाल्याला हजीरा म्हणून सांग. त्याला कळलं नाही तर नुसतं ‘तानसेन का मकबरा’ म्हण, तो बरोबर गेटाशी सोडतो.

तुझी,
लष्करातली ताई